शाळा घरात आली, पण घर कोणाच्या मालकीचे?

कोरोनाच्या काळात आपल्या राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली. शिक्षण सुरू होते ते कोणाचे, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. आता तर तो विचारायची गरजच उरली नाही असे सगळे धरून चालले आहेत. शाळा उघडल्या, घंटा वाजू लागल्या, मुली गणवेश घालून येऊ लागल्या. मग जुने कशाला उकरून काढायचे? काढायचे ते एवढ्यासाठी की त्या दोन वर्षांतून सरकारने आणि शिकलेल्या समाजाने जो धडा घेतला तो उलटा आहे. 'ऑनलाइन शिकवता येते, आपण ते करून दाखवले,' असा तो धडा आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यावरच्या हायस्कूलमध्ये आठवीला इंग्रजी शिकवणारी बाई म्हणून माझा या धड्याला विरोध आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. खेड्यातल्या मुलीसाठी शाळा ही घराबाहेरची एकमेव हक्काची जागा असते. तिथे जायला तिला कोणाला कारण सांगावे लागत नाही. ही जागा उचलून घरात नेली की ती आपोआप घरातल्या सत्तेच्या ताब्यात जाते. घरात मुलीचे काय चालते हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून ऑनलाइन शिक्षणाचा प्रश्न हा मुळात रेंजचा किंवा यंत्राचा प्रश्न नाही. तो घरातल्या मालकीचा प्रश्न आहे आणि तो स्त्री चळवळीचा प्रश्न आहे.

आठवीचा उंबरठा

आमच्याकडे कितीतरी गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत असते. आठवीला हायस्कूल, आणि हायस्कूल दुसऱ्या गावात. चार-पाच किलोमीटर चालत, सायकलीने नाहीतर एसटीने जायचे. नवी इमारत, दर विषयाला वेगळे शिक्षक, पाच-सहा गावांची मुले एका वर्गात. मुलासाठी आठवी म्हणजे फक्त पुढची इयत्ता. मुलीसाठी आठवी म्हणजे गावाची शीव ओलांडणे. याच वर्षी ती वयात येते आणि याच वर्षी घरात 'आता किती शिकवायची' ही कुजबुज सुरू होते. आठवीत जी मुलगी शाळेत रुजली ती बहुधा दहावीपर्यंत जाते. जी रुजली नाही ती नववीच्या दिवाळीपर्यंत कापसाच्या वावरात किंवा मांडवात दिसते.

इंग्रजीचेही तसेच. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. परंतु खालच्या वर्गांत ते बहुधा सगळे विषय शिकवणारे गुरुजीच शिकवतात, वेळ उरला तर. मुलीला इंग्रजीची स्वतंत्र शिक्षिका, स्वतंत्र तासिका आणि परक्या गावच्या मुलांसमोर उभे राहून बोलायची पाळी प्रथम येते ती आठवीत. दहावीला ज्या दोन विषयांच्या नावाने मुली नापास होतात आणि नापास झाल्या म्हणून ज्यांची लग्ने उरकली जातात ते विषय म्हणजे गणित आणि इंग्रजी. त्या इंग्रजीची भीती जायची की कायमची बसायची, हे आठवीत ठरते.

आता जून २०२० मध्ये आठवीत आलेल्या मुलींचे काय झाले ते पाहा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा त्या सातवीत होत्या. १५ जूनला नवे वर्ष कागदोपत्री सुरू झाले. त्यांनी हायस्कूल पाहिले नव्हते, आम्ही त्यांना पाहिले नव्हते. नोव्हेंबरात नववीच्या पुढचे वर्ग उघडले, आठवीची पाळी २७ जानेवारी २०२१ ला आली. जेमतेम काही आठवडे वर्ग भरले असतील तोच फेब्रुवारीत अमरावती विभागात रुग्ण वाढले आणि पुन्हा कुलूप लागले. एप्रिलमध्ये पहिली ते आठवी सगळे परीक्षेविना वरच्या वर्गात गेल्याचे जाहीर झाले. म्हणजे बहुतेक मुलींनी हायस्कूलचे पहिले वर्ष शाळेत पुरते पाऊल न टाकताच संपवले.

नववीत तरी नीट मिळाले का? ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडल्या, आणि महिना होतो न होतो तोच एसटीचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांशी माझे भांडण नाही, त्यांच्याही घरी लेकी आहेत. पण ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे, आणि मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींसाठी खास गाड्या व सायकली आहेत, त्या का दिल्या हे सरकारला ठाऊक होते. गाडी नाही म्हणजे मुलगी नाही, हे साधे गणित आहे. गाड्या बंद पडल्यावर मुले दुचाकीवर, काळीपिवळीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लोंबकळत आली. मुलींना कोण येऊ देणार? त्यांना सांगण्यात आले, 'घरीच बसा, फोनवर शिका.' मधेच जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या आणि दोनेक आठवड्यांनी उघडल्या. एका मुलीच्या हायस्कूलच्या तीन वर्षांपैकी दोन वर्षे अशी गेली.

फोनवरची इंग्रजी

फोनवर इंग्रजी शिकवणे म्हणजे काय, हे ज्यांनी शिकवले नाही त्यांना कळावे म्हणून जरा तपशिलात सांगते.

भाषेचा वर्ग आवाजावर चालतो. घाबरणारी मुलगी आधी सगळ्यांबरोबर सामुदायिक वाचन करते. चाळीस आवाजांत तिचा आवाज लपून जातो, तेव्हा चुकायची भीती वाटत नाही. आठ-पंधरा दिवसांनी मी बाकावरच्या दोघींना मिळून वाचायला लावते, मग एकीला. असा तिचा आवाज हळूहळू सुटा होतो. फोनवर सामुदायिक वाचन होतच नाही. प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोचतो आणि नुसता कल्ला होतो. म्हणून पहिली सूचना असते, 'सगळ्यांनी माइक बंद करा.' ज्या वर्गाचे काम मुलीला बोलते करायचे त्याची सुरुवात तिला गप्प करून होते.

मग एकेकीला वाचायला सांगावे, तर तिचे वाचन ऐकायला वर्ग नसतो, सगळे घर असते. काका खाटेवर पडलेले, आजी सुपात धान्य पाखडत बसलेली, शहरातल्या इंग्रजी शाळेत जाणारा भाऊ शेजारी. पहिल्या चुकीला तो हसतो. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून उत्तर येते, 'मॅडम, माया आवाज येत नाही.' आवाज येत असतो. ती बोलत नसते.

आमच्या खेड्यांत सगळीकडे रेंज सारखी नसते. ती असते गच्चीवर, पाराजवळ, फाट्यावर, देवळाच्या ओट्यावर. मुलगे फोन घेऊन तिथे जाऊन बसले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला पारावर बसून मोठ्याने इंग्रजी वाचायची मुभा कोणत्या गावात आहे? रेंज नाही असे आपण म्हणतो तेव्हा ती कोणाला नाही हेही विचारले पाहिजे. ज्या जागी रेंज होती ती जागाच पुरुषांची होती.

हजेरी घ्यायची तर पडद्यावर मुलींची नावेच नसत. फोन ज्याचा त्याचे नाव. बापांची नावे, भावांची नावे, 'किंग', 'पाटील साहेब' अशी स्वतःच ठेवलेली बिरुदे. हजेरीपटावर मुली जवळपास निम्म्या, पडद्यावर मात्र एकही मुलगी नाही. कोणत्या 'किंग'च्या मागे माझी कोणती विद्यार्थिनी बसली आहे, की कोणीच नाही आणि फोन नुसता कोनाड्यात बोलतो आहे, हे कळायला मार्ग नव्हता. गृहपाठाचे फोटो यायचे. अंधुक, तिरपे, गाइडातून उतरवलेले, सगळ्यांचे एकसारखे. त्या फोटोंची संख्या मोजून 'ऑनलाइन उपस्थिती'चे तक्ते भरले गेले आणि ते वर पाठवले गेले. वर बसलेल्यांना त्या तक्त्यांत शिक्षण दिसले.

इंग्रजीला वेळ तरी किती? केंद्र सरकारच्या जुलै २०२० च्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांनुसार आठवीपर्यंत दिवसाला तीस-पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे घ्यायची होती. मुलांच्या डोळ्यांचा विचार करता ते योग्यच. पण त्या दोन सत्रांत सगळे विषय कोंबायचे. आणि त्याच वेळी मोठा भाऊ दहावीला असेल तर त्याचा तास. घरात फोन एक, शिकणारी मुले तीन. कोणाचा तास बुडणार हे ठरवायला घरात बैठक भरवावी लागत नाही.

फोन कोणाचा?

हे मी एका गावावरून बोलत नाही. आकडे सरकारच्याच पाहणीतले आहेत. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या शंभर घरांपैकी जेमतेम १५ घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची महाराष्ट्रातली माहिती २०१९ मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या अगदी आधी गोळा झाली. तिच्यानुसार राज्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३८ टक्के आणि पुरुष ६१.५ टक्के. यात मुंबई-पुणेही आले. पुढे फोन वाढले, असे उत्तर मिळते. वाढले, पण कोणाच्या खिशात? २०२३ च्या 'असर' अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांत स्वतःचा फोन असलेले ४३.७ टक्के, मुलींत १९.८ टक्के. घरात फोन येणे आणि तो मुलीच्या हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कसे सांगायचे?

आपल्या राज्यात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे. ही सवलत चळवळीच्या रेट्यामुळे आणि काही जाणत्या माणसांमुळे मिळाली. तिच्या मागचा विचार साधा होता : खर्चाची पाळी आली की घर आधी मुलीचे शिक्षण तोडते, म्हणून तिचा खर्च घरावर पडू द्यायचा नाही. ऑनलाइन शिक्षणाने हा विचारच मोडीत काढला. फी माफ, पण फोन घरचा, रिचार्ज घरचा, वीज घरची, बसायची जागा घरची. शाळेचा सगळा खर्च सरकारच्या अंगावरून उतरून घराच्या अंगावर आला. सोयाबीन पावसाने गेलेल्या, कापसाचा भाव पडलेल्या घराने दर महिन्याचे रिचार्ज कोणासाठी मारायचे? जो उद्या कमावून आणणार त्याच्यासाठी. बापाला दुष्ट ठरवून हा प्रश्न सुटत नाही. व्यवस्थेने त्याच्यापुढे निवड ठेवली आणि पुरुषप्रधान समाजात त्या निवडीचे उत्तर आधीच ठरलेले असते.

वेळेचेही तसेच झाले. मुलगी शाळेत असते तेव्हा ते पाच-सहा तास तिचे असतात, कोणी तिला भांडी घासायला बोलावू शकत नाही. ती घरात असली की कामाला मोकळी असते. 'माय वावरात गेली, मले सैपाक करा लागते,' हे उत्तर मला भर तासिकेत मिळाले आहे. सोयाबीन सोंगणीला, कापूस वेचणीला मुली गेल्या. वेचणी किलोवर असते, एक जास्तीचा हात म्हणजे रोज काही रुपये जास्त. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या घरांच्या मुली तर धाकट्या भावंडांसह आईबापांबरोबर गेल्या. त्यांचे नाव पटावर राहिले आणि तक्त्यात 'ऑफलाइन संपर्क' असा शेरा पडला.

'पोरीले फोन कायले पाह्यजे?'

एका बाजूने सरकार सांगत होते, फोनवर शिका. दुसऱ्या बाजूने गाव सांगत होते, पोरीच्या हाती फोन देऊ नका. 'पोरीले फोन कायले पाह्यजे? उद्या काही झालं तं जबाबदार कोन?' हा प्रश्न पालकसभेत सरळ विचारला जातो आणि माना डोलतात. या दोन आज्ञांच्या कात्रीत मुलगी सापडली.

वर्गाचे व्हॉट्सॲप गट झाले तेव्हा मुलींचे, किंवा त्यांच्या घरचे, नंबर सगळ्यांना दिसू लागले. मग अनोळखी नंबरावरून संदेश, रात्री-अपरात्री मिस्ड कॉल. हे झाल्यावर पाठवणाऱ्या मुलाचा फोन कोणी काढून घेतल्याचे मी ऐकले नाही. मुलीचाच फोन बंद झाला, आणि फोन बंद म्हणजे शाळाही बंद. रस्त्यात छेड काढली म्हणून मुलीला घरात बसवायचे, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. आता रस्ता फोनात आला आहे, न्याय तोच आहे.

याबाबत एक निकाल आपल्या सगळ्यांच्या माहितीत असायला हवा. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये फहीमा शिरीन खटल्यात इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. वसतिगृहातल्या मुलींच्या मोबाइलवर ठरावीक वेळी बंदी घालणारा नियम मानला नाही म्हणून एका विद्यार्थिनीला काढून टाकले होते. ती कोर्टात गेली आणि जिंकली. 'मुलींच्या भल्यासाठी फोनबंदी' करणाऱ्यांना हा निकाल दाखवला पाहिजे. मी फोनच्या विरोधात नाही. मुलीच्या हाती फोन हवा, तिच्या नावाचा हवा, आणि तो वापरल्याबद्दल तिला शिक्षा होता कामा नये. पण तो शाळेच्या जागी नको.

आपल्याला दिली जाणारी उत्तरे

हे बोलले की ठरलेली उत्तरे मिळतात.

पहिले, 'मुलींचाच निकाल जास्त लागतो.' खरे आहे. जून २०२० मध्ये आठवीत आलेली मुले मार्च २०२३ मध्ये दहावीला बसली, तेव्हा राज्यात ९५.८७ टक्के मुली आणि ९२.०५ टक्के मुलगे उत्तीर्ण झाले. पण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलींची आहे. आठवीच्या पटावर जिचे नाव होते आणि दहावीच्या बाकावर जी पोचलीच नाही ती या हिशेबात नापाससुद्धा होत नाही. ती हिशेबातूनच पुसली जाते. आणि नुसत्या निकालावर किती विसंबायचे? २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला.

दुसरे उत्तर, 'तंत्रज्ञानाने मुली मुक्त होतात, घरबसल्या जग दिसते.' घरबसल्या हा शब्द नीट ऐका. मुलीला घरी बसवणे हाच तर आपल्या समाजाचा जुना कार्यक्रम आहे. याच राज्यात २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जवळपास २२ जणींची लग्ने अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेली आहेत, हे त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत आले आहे. शाळेत रोज येणारी मुलगी चार दिवस दिसली नाही तर आम्ही मैत्रिणींना विचारतो आणि कधीकधी ठरलेले लग्न थांबते. पडद्यावर 'किंग' हजर असला तर त्यामागची मुलगी हळद लागून गेली तरी आम्हाला पत्ता लागत नाही.

तिसरे उत्तर, 'मग दुसरा उपाय काय होता?' उपाय होते आणि लोकांनी ते करून दाखवले. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर पाठ रंगवून घेतले आणि मुले येता-जाता अंतर ठेवून शिकली. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपक लावून 'बोलकी शाळा' चालली. कितीतरी गावांत शिक्षक ओट्यावर, झाडाखाली चार-पाच मुलांना घेऊन बसले. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. भिंतीला पासवर्ड नसतो, झाडाला रिचार्ज लागत नाही, आणि भिंतीवरचा धडा वाचायला भावाची परवानगी घ्यावी लागत नाही. शिक्षण सार्वजनिक जागेत राहिले. या वाटा सरकारी धोरणाच्या मध्यभागी यायला हव्या होत्या, त्या कौतुकाच्या बातम्यांपुरत्या उरल्या.

बुलडाण्याची तारा

आमच्या जिल्ह्याचे नाव स्त्री चळवळीत घेतले जाते ते ताराबाई शिंद्यांमुळे. १८८२ साली बुलडाण्याच्या या बाईने 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. तिला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी येत होते, आणि ते तिला वडिलांनी घरी शिकवले होते. त्यांचे नाव बापूजी हरी शिंदे. ते बुलडाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून होते आणि मुलीला शिकवावे असे त्यांना वाटले. त्यांना तसे वाटले नसते तर? त्या काळी बुलडाण्यात आणखी किती मुली असतील, ज्यांच्या वडिलांना तसे वाटले नाही. त्यांनी काय लिहिले असते ते आपल्याला कधीच कळणार नाही.

घरी शिकण्याचा हा दोष आहे. ते बापाच्या मर्जीवर असते. म्हणूनच सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती घराबाहेर, भिडेवाड्यात. शेणगोळे झेलत सावित्रीबाई शाळेत जात राहिल्या, कारण शाळेत जाणे हाच निम्मा धडा होता. त्याच सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. शूद्रातिशूद्रांना आणि बायकांना जी ज्ञानाची दारे बंद होती त्यांची किल्ली त्यांना या भाषेत दिसली. इंग्रजी हे आजही तसेच आहे. नर्सिंगचा अर्ज, बँकेचा कागद, औषधाची बाटली, पोलीस भरतीची जाहिरात, स्पर्धा परीक्षा. माझ्या आठवीतल्या मुलीला ती भाषा साहेबीण होण्यासाठी नको आहे. दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे लागू नये म्हणून हवी आहे. ती भाषा शिकवायची जागा पुन्हा घरात ढकलणे म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे मागे जाऊन मुलीचे शिक्षण बापाच्या मर्जीवर सोपवणे आहे.

धोका पुढे आहे

कोणी म्हणेल, साथ गेली, विषय संपला. संपलेला नाही. जुलै २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ऑनलाइन शिक्षणाला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. दर इयत्तेला एक दूरचित्रवाहिनी ही योजना मे २०२० मध्येच जाहीर झाली. २०२३ मध्ये आपल्या राज्यात वीस किंवा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळांसाठी 'समूह शाळां'ची कल्पना पुढे आली. गावातली शाळा दूर न्यायची, शिक्षकांच्या जागा भरायच्या नाहीत, आणि ओरड झालीच तर एक पडदा आणि एक लिंक पाठवायची, अशी ही वाट आहे. शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांसाठी ऑनलाइन हे शाळेच्या जोडीला असेल. खेड्यातल्या मुलीसाठी ते शाळेऐवजी असेल. आणि गावची शाळा दूर गेली की आधी घरी बसते ती मुलगीच.

म्हणून स्त्री संघटनांनी या मागण्या आपल्या मागण्या म्हणून घ्याव्यात :

१. शिक्षकाची रिकामी जागा ऑनलाइन तासिकेने भरली असे कोणत्याही शाळेत धरले जाऊ नये. इंग्रजीसारख्या भाषा विषयाला वर्गात प्रत्यक्ष उभी राहणारी शिक्षिका किंवा शिक्षक हवा.

२. साथ, पूर, संप, कोणत्याही कारणाने शाळा बंद ठेवावी लागली तर शिक्षकाने गावात जाऊन लहान गटांना शिकवायची व्यवस्था आधीच ठरलेली असावी. समाजमंदिर, ग्रामपंचायत, ओटा, भिंत, जे सार्वजनिक असेल ते वापरावे.

३. मुलींच्या शाळेची गाडी ही अत्यावश्यक सेवा मानावी आणि ती बंद पडली तर पर्यायी वाहन देण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची असावी.

४. शिकण्यासाठी फोन किंवा टॅब लागणारच असेल तर तो ग्रंथालयाच्या पुस्तकासारखा शाळेने मुलीच्या नावावर द्यावा, रिचार्जसह. वर्गाच्या गटात मुलींचे नंबर उघडे पडता कामा नयेत.

५. दर शाळेने आठवीत आलेल्या आणि दहावीला बसलेल्या मुलींची यादी समोरासमोर मांडावी. जी गळाली ती कुठे आहे याचे उत्तर ग्रामसभेत द्यावे. आपल्या राज्यात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्यालाही त्या सभेत उभे करावे.

यातल्या शेवटच्या मागणीसाठी सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही. मैत्रिणींनो, तुमच्या गावाजवळच्या हायस्कूलमध्ये जा. २०२० च्या जूनमध्ये आठवीत दाखल झालेल्या मुलींची संख्या मागा आणि २०२३ च्या दहावीच्या परीक्षेला त्यांच्यातल्या किती बसल्या ते विचारा. नंतरच्या दरवर्षीच्या तुकडीचेही तेच विचारा. दिले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांना आहेत. त्या जागांवर कोण आहे, ती बैठकीला येते की तिचा नवरा सही करून जातो, ते पाहा. आपल्या बचतगटातली, संघटनेतली बाई तिथे बसवा.

आणि त्या यादीतल्या गळालेल्या मुलींच्या घरी जा. त्या आता वीस-एकविशीच्या आहेत, काहींच्या कडेवर मूल आहे. सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसायची वाट त्यांना मोकळी आहे. तो अर्ज, फी, पुस्तके आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजी-गणिताचा वर्ग एवढे एका गावातल्या गटाला जमण्यासारखे आहे. वर्ग समाजमंदिरात घ्या. घरी घेऊ नका.